गोऱ्या वस्तीत घर घेणारं कृष्णवर्णीय कुटुंब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत कृष्णवर्णीय कुटुंबाने गोऱ्या वस्तीत घर घेतलं की काय घडायचं, ती कुटुंबं टिकली कशी, आणि आज कुणाशी असा भेदभाव झाला तर दाद कुठे आणि कशी मागायची, या तिन्ही गोष्टींबद्दलचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मुख्य उदाहरण पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटाउनचं घेतलं आहे; लेव्हिट या बांधकाम कंपनीने वसवलेलं हे गाव. घर मिळवण्यापासून न्यायालयाच्या मनाई हुकुमापर्यंतचे सगळे टप्पे तिथे एकाच गल्लीत पाहायला मिळतात.

मायर्स कुटुंब कोण? त्यांच्या बाबतीत काय झालं?

बिल आणि डेझी मायर्स हे जोडपं. बिल दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते, नंतर कारखान्यात तांत्रिक काम करत. डेझी पदवीधर आणि शिक्षिका. दोन मुलगे होते, तिसरी मुलगी नुकतीच झाली होती आणि जुनं घर पुरेनासं झालं होतं. घर बदलण्यामागचं कारण एवढंच साधं होतं. ऑगस्ट १९५७ मध्ये ते लेव्हिटाउनच्या डॉगवुड हॉलो भागात डीपग्रीन लेनवरच्या घरात आले. पन्नास-साठ हजार वस्तीच्या त्या गावात तोवर एकही कृष्णवर्णीय घरमालक नव्हता.

१३ ऑगस्टला ही बातमी गल्लीत पसरली आणि संध्याकाळपर्यंत घरासमोर जमाव उभा राहिला. त्याच रात्री दगडांनी पुढची मोठी काच फुटली. पुढे कित्येक रात्री हाच क्रम चालला: शेकडो माणसं, घोषणा, दगड, फोनवरून धमक्या.

लेव्हिट कंपनी कृष्णवर्णीयांना घर विकत नव्हती. मग त्यांना घर मिळालं कसं?

कंपनीकडून मिळालंच नाही. विल्यम लेव्हिट यांनी पेनसिल्व्हेनियातल्या या गावात सतरा हजारांवर घरं बांधली आणि एकही कृष्णवर्णीय कुटुंबाला विकलं नाही. घरांचा प्रश्न सोडवू किंवा वर्णाचा सोडवू, दोन्ही एकदम जमणार नाही, अशी त्यांची जाहीर भूमिका होती. न्यूयॉर्कजवळच्या आधीच्या लेव्हिटाउनमध्ये तर सुरुवातीच्या भाडेकरारातच कलम होतं की घर गोऱ्यांखेरीज कुणी वापरायचं नाही. घरकामाला ठेवलेले नोकर मात्र चालतील.

पळवाट होती ती फेरविक्रीत. कंपनीने एकदा घर विकलं की पुढे ते कुणाला विकायचं हे त्या मालकाच्या हाती. डीपग्रीन लेनवरचं घर बराच काळ रिकामं पडलं होतं, मालकाला ते विकायचं होतं, आणि शेजारच्या वेक्सलर या ज्यू दांपत्याचा कृष्णवर्णीय शेजाऱ्यांना पाठिंबा होता. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक आणि स्थानिक मानवी संबंध समिती असं कुटुंब आणि असं घर यांची गाठ घालून देण्याच्या खटपटीत होतेच.

त्या काळात अशी खरेदी मुख्यतः दोन मार्गांनी होई. मालक स्वतः तयार झाला तर थेट. नाहीतर एखाद्या गोऱ्या ओळखीच्या माणसाच्या नावावर घर घ्यायचं आणि मग खरेदीखताने कृष्णवर्णीय कुटुंबाच्या नावावर करायचं. दुसऱ्या मार्गात धोका मध्यस्थालाही असे. केंटकीतल्या लुइव्हिलजवळ १९५४ साली कार्ल आणि ॲन ब्रेडन यांनी अँड्र्यू वेड कुटुंबासाठी असं घर घेऊन दिलं. जूनमध्ये ते सुरुंगाने उडवलं गेलं. खटला मात्र ब्रेडन यांच्यावरच भरला, तोही राजद्रोहाचा! कार्ल ब्रेडन यांना १५ वर्षांची शिक्षा झाली. काही महिने तुरुंगात काढल्यावर ती रद्द झाली.

जमाव इतके दिवस जमू दिला कसा? पोलीस काय करत होते?

स्थानिक पोलीस बरेचसे बघत उभे होते. शिपाई त्याच भागातले, जमावातले चेहरे ओळखीचे, आणि वरून स्पष्ट हुकूम नाही. ही लेव्हिटाउनचीच खोड नव्हती. अशा बहुतेक प्रकरणांत पहिली ढिलाई स्थानिक ठाण्यातच होते आणि जमावाचं बळ त्या ढिलाईतून वाढतं. पहिल्या रात्री कुणाला अटक झाली नाही की दुसऱ्या रात्री माणसं दुप्पट येतात.

फरक पडला तो राज्य पातळीवरून. गव्हर्नर जॉर्ज लीडर यांनी राज्य पोलीस पाठवले. २० ऑगस्टला दगड लागून एक पोलीस अधिकारी बेशुद्ध पडला, त्यानंतर पोलिसांनी छडीमार करून जमाव पांगवला. रस्त्यावरचा मोठा जमाव त्यानंतर ओसरला.

मग त्रास थांबला का?

नाही. त्याने रूप बदललं, आणि हा भाग सहसा कुणी सांगत नाही. मायर्स यांच्या घरामागचं रिकामं घर विरोधकांनी ‘क्लब’ म्हणून ताब्यात घेतलं. तिथून रात्री मोठ्याने गाणी लावायची, दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांचा झेंडा लावायचा, काळ्या कुत्र्याला वर्णद्वेषी शिवीचं नाव ठेवून अंगणात हाका मारायच्या. वेक्सलर यांच्या भिंतीवर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेची अक्षरं रंगवली गेली. क्रूस जाळले गेले.

यातली एकेक गोष्ट वेगळी काढली तर किरकोळ वाटते. गाणी लावणं हा काही गुन्हा नव्हे. म्हणूनच ती निवडली जाते. राज्याचे महाधिवक्ता थॉमस मॅकब्राइड यांनी त्यावर फौजदारीऐवजी दिवाणी मार्ग धरला. हे सगळे प्रकार एकत्र मांडले, कुटुंबाला हुसकावण्याचा हा एकच कट आहे असं न्यायालयाला दाखवलं आणि म्होरक्यांविरुद्ध मनाई हुकूम मागितला. तात्पुरता हुकूम ऑक्टोबर १९५७ मध्ये मिळाला, कायमचा ऑगस्ट १९५८ मध्ये. आजही छळाच्या तक्रारीत हीच मांडणी चालते: तारीखवार यादी करायची आणि प्रकार सुटे सुटे न ठेवता त्यांतला हेतू दाखवायचा.

हे कुटुंब टिकलं ते कशाच्या बळावर?

धैर्य होतंच. पण धैर्यावर एक आठवडा निघतो, वर्षं निघत नाहीत. टिकलेल्या कुटुंबांची प्रकरणं शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर काही व्यवस्था पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली, घर कधी रिकामं न ठेवणं. शिकागोजवळच्या ओक पार्कमधलं पर्सी ज्युलियन यांचं घर १९५० च्या नोव्हेंबरमध्ये पेटवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा कुटुंब अजून राहायला आलं नव्हतं. रिकामं घर जाळणाऱ्याला मनुष्यवधाची भीती नसते. लेव्हिटाउनमध्ये ओळखीचे आणि अनोळखी मदतनीस पाळीपाळीने मायर्स यांच्या घरी येऊन बसत, रात्रीही. ज्युलियन यांनी पगारी पहारेकरी ठेवले. ते नामांकित रसायनशास्त्रज्ञ होते, त्यांना ते परवडलं. बसचालकाला परवडलं नसतं.

दुसरी, निदान एक शेजारी उघडपणे बाजूने असणं. वेक्सलर यांची मदत नुसती दिलासा देणारी नव्हती. शेजारचा गोरा साक्षीदार न्यायालयात जे सांगेल त्याला त्या काळात वेगळं वजन होतं, आणि मुलांना खेळायला एक अंगण मिळालं.

तिसरी गोष्ट कंटाळवाणी पण सगळ्यात कामाची: नोंद. कोण आलं, किती वाजता, गाडीचा क्रमांक काय, फोनवर काय म्हणालं.

चौथी, रोजच्या पुरवठ्याची सोय. विरोध नेहमी दगडानेच होत नाही. ज्युलियन यांना पाण्याची जोडणी द्यायला अधिकाऱ्याने आढेवेढे घेतले. वेड कुटुंबाला दूध आणि वर्तमानपत्र टाकणं बंद झालं, घराचा विमा रद्द झाला. विमा गेला की तारणाच्या अटीचा भंग होतो आणि कर्ज देणारा घरावर टाच आणू शकतो. दगड न मारता घर काढून घेण्याचा हा रस्ता आहे, म्हणून जाणते वकील पहिल्याच दिवशी विम्याचे कागद तपासत.

पाचवी, ‘जास्त पैसे घ्या आणि जा’ हा देकार नाकारण्याची तयारी. असे देकार ठिकठिकाणी आले. एकाने घेतला की पुढच्या कुटुंबाला तोच दाखला दिला जाई.

मायर्स कुटुंब १९६१ पर्यंत तिथे राहिलं आणि नोकरीच्या निमित्ताने हललं. १९५८ मध्येच दुसरं कृष्णवर्णीय कुटुंब त्या गावात आलं होतं, आणि त्या वेळी तसा दंगा झाला नाही.

सगळीच कुटुंबं टिकली का?

छे. शिकागोलगतच्या सिसरो गावात जुलै १९५१ मध्ये बसचालक आणि माजी सैनिक हार्वी क्लार्क यांनी एक फ्लॅट भाड्याने घेतला. हजारोंचा जमाव इमारतीवर चालून आला, सामान खिडकीतून फेकलं गेलं, आग लावली गेली, शेवटी नॅशनल गार्ड हे राज्याचं राखीव सैन्य बोलवावं लागलं. त्यानंतर स्थानिक ग्रँड ज्यूरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, आरोप ठेवले ते क्लार्क यांचे वकील, इमारतीची मालकीण आणि घर भाड्याने देणारे एजंट यांच्यावर! क्लार्क कुटुंब तिथे राहू शकलं नाही.

डेट्रॉइटचे डॉक्टर ऑसियन स्वीट यांनी १९२५ मध्ये गारलंड रस्त्यावर १८,५०० डॉलरला घर घेतलं. बाजारभावापेक्षा कित्येक हजार जास्त मोजून. दुसऱ्या रात्री दगडफेक झाली, आतून गोळ्या सुटल्या, बाहेरचा एक माणूस मेला. घरातल्या ११ जणांवर खुनाचा खटला चालला. नामांकित वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी बचाव केला. पहिल्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्यात १९२६ मध्ये धाकटे भाऊ हेन्री निर्दोष सुटले. आपल्या घराचं रक्षण करण्याचा हक्क कृष्णवर्णीय माणसालाही आहे, हे मान्य झालं. मात्र तुरुंगात असताना स्वीट यांच्या पत्नीला क्षयाची लागण झाल्याचं मानलं जातं, आणि पत्नी व मुलगी दोघीही त्या आजाराने गेल्या. खटला जिंकणं आणि घर वसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘घरांच्या किमती पडतील’ ही भीती खरी होती का?

सरसकट नाही. सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड आणि फिलाडेल्फिया इथल्या विक्रीच्या नोंदींवरचा एक मोठा अभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय कुटुंबं आलेल्या वस्त्यांमधल्या किमती बहुतेक ठिकाणी तशाच राहिल्या किंवा वाढल्या, असं त्यात दिसलं. कारण सोपं आहे. ज्यांना मोजक्याच वस्त्या खुल्या आहेत ते जास्त पैसे मोजतात. स्वीट यांनी मोजलेच.

किंमत पडायची ती घबराट पसरवल्यावर, आणि घबराट हा काही दलालांचा धंदाच होता. एखाद्या कृष्णवर्णीय बाईला पैसे देऊन बाबागाडी घेऊन गल्लीतून फिरवायचं, घरोघर फोन करून ‘वेळेत विका’ म्हणून सांगायचं, गोऱ्यांकडून पडत्या भावाने घ्यायचं आणि कृष्णवर्णीयांना चढ्या भावाने द्यायचं. दोन्हीकडून मलई.

पण बँका होत्या ना? चढ्या भावाने घ्यायची वेळ का यावी?

कर्ज मिळत नव्हतं म्हणून. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी गृहकर्ज महामंडळाने दोनशेवर शहरांचे नकाशे केले. हिरवा सर्वोत्तम, मग निळा, पिवळा आणि लाल ‘धोकादायक’. कृष्णवर्णीय वस्त्या जवळपास हमखास लाल. हे नकाशे आता इतके प्रसिद्ध आहेत की सगळा दोष त्यांच्यावरच टाकला जातो. आमच्या मते अधिक नुकसान केलं ते १९३४ मध्ये आलेल्या फेडरल गृहनिर्माण प्रशासनाने. कर्जाला विमा द्यायचा की नाही हे ते ठरवत असे, आणि वस्ती एकाच वर्णाची राहील अशी कलमं खतात घालावीत, अशी शिफारस त्यांच्या नियमावलीतच होती. डेट्रॉइटच्या एट माइल भागात एका बिल्डरने १९४१ मध्ये सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब भिंत बांधली, ती शेजारची कृष्णवर्णीय वस्ती वेगळी दाखवून आपल्या नव्या घरांना सरकारी विम्याचं कर्ज मिळावं एवढ्यासाठी. भिंत आजही उभी आहे.

माजी सैनिकांच्या कर्जातही तेच. मिसिसिपीत १९४७ च्या एका पाहणीत सरकारी हमीच्या ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना २ मिळाली होती.

बँक नाही म्हटल्यावर शिकागोत उरला तो ‘हप्त्यावरचा करार’. दिसायला कर्जासारखा, पण शेवटचा हप्ता भरेपर्यंत खत विकणाऱ्याच्या नावावर. एक हप्ता चुकला की घर गेलं, भरलेले पैसेही गेले, आणि तेच घर पुढच्या कुटुंबाला. दुरुस्ती आणि कर मात्र राहणाऱ्याने भरायचे. नॉर्थ लॉनडेलमधल्या अशा खरेदीदारांनी १९६८ मध्ये संघटना केली, हप्ते रोखून धरले आणि अनेकांचे करार नव्याने करून घेतले. असे करार अमेरिकेत अजूनही होतात. खत कधी नावावर होणार हे ज्या कागदावर लिहिलेलं नाही, त्यावर सही करू नये.

कायदा कधी बदलला?

तुकड्यातुकड्याने. वस्त्या वर्णानुसार वाटून देणारे नगरपालिकांचे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये रद्द केले. मग तेच काम खाजगी खतांतली कलमं करू लागली. सेंट लुइसच्या शेली कुटुंबाच्या खटल्यात १९४८ मध्ये न्यायालयाने म्हटलं की अशी कलमं न्यायालयं अमलात आणणार नाहीत. नऊपैकी तीन न्यायाधीश त्या सुनावणीला बसले नव्हते. त्यांनी कारण दिलं नाही. त्यांच्या स्वतःच्या घरांच्या खतात असं कलम असावं, असा तर्क तेव्हापासून केला जातो. भेदभावावर थेट बंदी आली ती न्याय्य गृहनिर्माण कायद्याने, ११ एप्रिल १९६८ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याने. लिंग १९७४ मध्ये, अपंगत्व आणि मुलं असलेलं कुटुंब १९८८ मध्ये जोडलं गेलं. मूळ यादीत वर्ण, रंग, धर्म आणि मूळ देश होते.

आजचा भेदभाव ओळखायचा कसा? तोंडावर तर कुणी काही बोलत नाही.

म्हणूनच तुलना करावी लागते. एकट्या माणसाला ‘ती जागा कालच गेली’ हे वाक्य खोटं आहे हे कळायला मार्ग नसतो. न्याय्य गृहनिर्माण संस्था (घर देण्यातल्या भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या संस्था) जोड्या पाठवतात: उत्पन्न, नोकरी, कुटुंब सारखं, फरक फक्त वर्णाचा. दोघं थोड्या अंतराने जातात आणि काय सांगितलं, काय दाखवलं याची वेगवेगळी नोंद करतात. अशा परीक्षकांनाही दावा लावता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच मान्य केलं आहे.

गृहनिर्माण खात्याने २०१२ मध्ये देशभर केलेल्या अशा चाचणीत घर विकत घेणाऱ्या कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपेक्षा सुमारे १७ टक्के कमी घरं सांगितली गेली. भाड्याच्या घरांत हा फरक सुमारे ११ टक्के होता. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर न्यूजडे या वृत्तपत्राने केलेली छुपी चाचणी २०१९ मध्ये छापून आली. तिच्यात ४९ टक्के वेळा कृष्णवर्णीयांना आणि १९ टक्के वेळा आशियाई परीक्षकांना वेगळी वागणूक मिळाली.

लक्ष ठेवायच्या खुणा: फोनवर जागा आहे, भेटीला गेल्यावर नाही. अनामत अचानक वाढते. एजंट तुम्ही न सांगितलेल्याच भागात नेतो. ‘शाळा पाहा’, ‘तुम्हाला इथे बरं वाटेल’ अशी सूचक वाक्यं.

तक्रार कशी करायची?

वकील लागत नाही, शुल्क नाही. फेडरल गृहनिर्माण आणि नगरविकास खात्याकडे ऑनलाइन, टपालाने किंवा १-८००-६६९-९७७७ या क्रमांकावर तक्रार देता येते. मुदत घटनेपासून एक वर्ष. थेट न्यायालयात जायचं तर दोन वर्षं, आणि खात्याची चौकशी चालू असते तो काळ या दोन वर्षांत धरत नाहीत. राज्यांच्या मुदती वेगळ्या आणि कधी फार कमी असतात: न्यू जर्सीत राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८० दिवस. म्हणून आधी राज्याची मुदत पाहावी.

तक्रारीत इतकं हवं: तुमचं नाव-पत्ता, कुणाविरुद्ध, कोणती जागा, कोणत्या तारखेला काय झालं आणि ते कोणत्या कारणाने झालं असं वाटतं. घर हातचं जाणार असेल तर पहिल्याच संभाषणात तसं सांगावं. तातडीचा मनाई हुकूम मागण्याची तरतूद आहे. त्यानंतर चौकशी, आणि सोबतच तडजोडीचा प्रयत्न. चौकशीचं उद्दिष्ट १०० दिवसांचं, पण ते पाळलं जाईल यावर विसंबू नये. सरकार बदललं की खात्याचा उत्साहही बदलतो. म्हणून स्थानिक न्याय्य गृहनिर्माण संस्थेलाही त्याच आठवड्यात गाठावं. चाचणी करायची तर जागा अजून बाजारात असतानाच करता येते.

लोकांचं चुकतं कुठे?

बहुतेकदा उशीर करण्यात. दुसरं घर मिळालं की माणूस विषय सोडून देतो; दुसरं घर मिळालं तरी तक्रार करता येते.

जाहिरात त्याच दिवशी स्क्रीनशॉट करून ठेवावी, तारीख दिसेल अशी. अर्जाची प्रत आणि अर्जशुल्काची पावती हवी. भेट झाल्याबरोबर, शक्य तर तासाभरात, जसेच्या तसे शब्द लिहून काढावेत. महिन्याने लिहिलेलं आठवणींचं टिपण दुबळं पडतं. तोंडी काही सांगितलं तर ‘आज आपण म्हणालात की…’ असा साधा मेल पाठवावा. उत्तर आलं नाही तरी तो कागद होतो.

ध्वनिमुद्रणात जपून. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत संभाषणातल्या एकाची, म्हणजे तुमचीच, संमती पुरते. पेनसिल्व्हेनिया आणि कॅलिफोर्नियात खाजगी संभाषण सगळ्यांच्या संमतीशिवाय मुद्रित करणं गुन्हा ठरू शकतो.

घर मिळालं, पण शेजारीच छळतोय. कायदा लागू होतो का?

होतो. राहण्याचा हक्क बजावू नये म्हणून धमकावणं किंवा अडथळा आणणं याला न्याय्य गृहनिर्माण कायद्यात वेगळं कलम आहे. बळाचा वापर किंवा धमकी असेल तर फेडरल गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद, इजा झाल्यास दहा वर्षांपर्यंत. पोलिसांत तक्रार देताना ‘वर्णद्वेषातून’ हे शब्द अहवालात आले का ते पाहून अहवालाचा क्रमांक घ्यावा. शेजाऱ्यांचं भांडण म्हणून नोंद झाली की पुढचं सगळं घसरतं. भाड्याचं घर असेल तर मालकाला लेखी कळवावं.

विकताना मूल्यांकन कमी आलं तर?

कॅलिफोर्नियातल्या मरीन सिटीत २०२० मध्ये एका कृष्णवर्णीय जोडप्याच्या घराची किंमत ९,९५,००० डॉलर ठरवली गेली. त्यांनी घरातले फोटो उतरवले, गोऱ्या मैत्रिणीला मालकीण म्हणून उभं केलं, आणि दुसरी किंमत आली १४,८२,५०० डॉलर. प्रकरण पुढे तडजोडीने मिटलं.

पहिलं पाऊल म्हणजे कर्ज देणाऱ्याकडे लेखी फेरविचार मागणं. मूल्यांकनाच्या अहवालात ज्या घरांशी तुलना केली आहे ती तपासावीत: दूरची, जुन्या विक्रीची किंवा फक्त कृष्णवर्णीय वस्तीतली निवडली आहेत का? चौरस फूट, खोल्या, नूतनीकरण चुकलं आहे का? तुमच्या बाजूने तीन-चार जवळच्या, अलीकडच्या विक्री जोडाव्यात. ‘भेदभाव झाला’ एवढंच लिहिलं तर उत्तर येत नाही; आकडे दिले तर मागणी टाळणं अवघड जातं.

आपल्या लोकांचा याच्याशी काय संबंध?

दोन्ही बाजूंनी आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये घर पाहणाऱ्या मराठी जोडप्याला एजंट ‘तिकडे तुमचे लोक खूप आहेत’ म्हणत एकाच भागात फिरवतो, तेही वर्ण किंवा मूळ देश पाहून वळवणंच आहे. आणि आपण घरमालक असतो तेव्हा ‘फक्त भारतीयांना देणे आहे’ ही जाहिरात बेकायदा ठरते, मग ती मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर का टाकलेली असेना. मालक राहत असलेल्या, चारपर्यंत घरांच्या इमारतीला फेडरल कायद्यात काही सूट आहे, पण जाहिरातीला नाही. वर्णावरून नाकारायला तर १८६६ च्या नागरी हक्क कायद्यात सूटच नाही. स्वतःच्याच घरात खोलीचा जोडीदार निवडणं ही वेगळी गोष्ट आहे.

महाराष्ट्रात असा कायदा आहे का?

खाजगी घर भाड्याने किंवा विकत देताना भेदभाव करू नये, असा सर्वंकष कायदा भारतात नाही. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला गेलेल्या डॉ. आंबेडकरांना पारशी विश्रामगृहातून काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. दलित माणसं आजही पुण्या-मुंबईत आडनाव सांगताना थबकतात. गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व एका समाजापुरतं ठेवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये पारशी संस्थेच्या प्रकरणात म्हटलं. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला घर सोडायला भाग पाडणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि राज्याचा सामाजिक बहिष्कारविरोधी २०१६ चा कायदाही आहे. पण ‘जागा देत नाही’ असं फोनवर गोड बोलून सांगणाऱ्या मालकाविरुद्ध हाताशी फारसं काही नाही.

अमेरिकेत घर घेतलं, आणि जुन्या खतात ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असं कलम सापडलं. काय करायचं?

घाबरू नका. कलम निष्प्रभ आहे, तुमच्या मालकीला धक्का नाही. १९५० च्या आधी आखलेल्या उपनगरांत ही कलमं सर्रास सापडतात, आणि काहींत ‘आशियाई’ हा शब्दही असतो. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनसारख्या राज्यांत काउंटीच्या नोंदणी कार्यालयात दुरुस्तीचा ठराविक अर्ज मिळतो. सोबत मूळ दस्ताची प्रत जोडून कलमाची ओळ दाखवायची, सही करून दाखल करायचा. बहुतेक ठिकाणी शुल्क नाही. मूळ पान फाडलं जात नाही. नवी नोंद त्याच्या जागी लागू होते आणि जुनी अभिलेखात राहते. खतात कलम स्वतंत्र नसेल आणि ‘नोंदवलेल्या निर्बंधांना अधीन राहून’ एवढाच उल्लेख असेल, तर निर्बंधांचा तो वेगळा दस्त पुस्तक आणि पान क्रमांकावरून आधी काढून घ्यावा लागतो, नाहीतर अर्ज परत येतो.